दादांच्या खिशातली चिठ्ठी

मित्रांनो, कागदालाही शरम वाटते, हे सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही. मी वहीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा आहे. आता माझ्या घड्या झिजल्या आहेत, पण माझ्यावरच्या दोन ओळी अजून स्पष्ट वाचता येतात. तेच माझं दुखणं आहे.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत माझा जन्म झाला. तिथल्या मुख्य कारागिराला सगळे दादा म्हणत. रुग्णांची मापं मोठ्या रुग्णालयातून ईमेलने येत. त्या फाईलमध्ये पायाची आकृती आपोआप काढणारा छोटासा प्रोग्रॅम असे, म्हणून ती उघडताना संगणक दर वेळी पिवळी पट्टी दाखवून विचारी, 'ही फाईल धोक्याची असू शकते. तरीही उघडायची का?' प्लास्टरचे साचे करणाऱ्या मावशींच्या गळ्यात नुकतंच संगणकाचं काम पडलं होतं. पट्टी दिसली की त्या दादांना हाक मारत. दिवसातून दहा वेळा हाका ऐकून दादा वैतागले. त्यांनी वहीचं पान टरकावलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पिवळी पट्टी आली की हो दाबा. मला विचारत बसू नका.' मग मला पडद्याच्या कडेला डकवून टाकलं.

चार वर्षं मी तिथे मिरवले. "मावशी आता माझ्यापेक्षा भरभर फाईली उघडतात," असं दादा कौतुकाने सांगत, तेव्हा मला वाटे, हे सगळं माझ्यामुळेच. पट्टी माझी शेजारीण. ती बिचारी रोज जीव तोडून सावध करी आणि मी रोज तिच्या तोंडावर हात ठेवी. माझं काही चुकतंय, असं मला एकदाही वाटलं नाही.

एका सोमवारी सकाळी 'सुधारित मापं' नावाची फाईल आली. पट्टी झळकली, आणि मावशींचं बोट बटणावर थांबलं.

"दादा, नाव रुग्णालयाचंच आहे, पण पत्ता नेहमीचा वाटत नाही. आणि मापं तर त्यांनी परवाच पाठवली होती."

दादांचे हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखले होते. त्यांनी मान वर केली नाही. "अहो मावशी, चिठ्ठी काय शोभेला लावलीय? दाबा हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी रोजचंच सांगितलं. त्यांनी दाबलं.

दुपारपर्यंत एकही फाईल उघडेना. त्या फाईलीत लपलेल्या प्रोग्रॅमने चाळीस रुग्णांची मापं आणि आकृत्या कुलूपबंद करून टाकल्या. फाईलींच्या जादा प्रती ठेवायची हार्ड डिस्कही त्याच संगणकाला जोडलेली होती, तीही गेली. त्यात एका नऊ वर्षांच्या मुलीची, कार्यशाळेतच घेतलेली मापं होती. तिचा जुना पाय आखूड पडून टोचत होता आणि नवा शाळा सुरू होण्याआधी मिळायचा होता.

कार्यशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई येताहेत, हे कळताच दादांनी मला ओढून काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं.

"हो दाबायला कुणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

खिशातून मला काही दिसत नव्हतं. मावशी आधी पडद्याच्या कडेकडे बघत असतील, मग दादांकडे. दादांनी तोंडातून ब्र काढला नाही.

"माझंच चुकलं," मावशी म्हणाल्या.

त्यांना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. दादांनी मला फाडून टाकलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण रोज सकाळी ते मला कालच्या सदऱ्यातून काढून आजच्या सदऱ्यात ठेवत. त्यांच्या छातीची धडधड मी दिवसभर ऐकत असे. मला त्यांचा राग येई आणि कीवही.

आठव्या दिवशी ती मुलगी पुन्हा माप द्यायला आली. मावशी तिच्या पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळत होत्या. जखमेला धक्का लागला, तशी ती कळवळली.

"मावशी, माझी मापं तुम्ही हरवलीत का?"

"हो गं बाळा."

दादा तिथेच मोजायची टेप धरून उभे होते. त्यांनी टेप खाली ठेवली, तडक बाईंच्या खोलीत गेले आणि मला टेबलावर उलगडलं.

"अक्षर माझं आहे. मावशींना शंका आली होती. त्यांनी मला विचारलं, मी ऐकलं नाही."

बाईंनी मला संगणकापाशी नेलं. पडद्याच्या कडेला डिंकाचा चौकोनी डाग होता. माझे चारी कोपरे त्यावर बरोब्बर बसले.

"आठ दिवस खिशात होती?"

"हो."

बाईंनी मला डागावरून उचलून पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "हे मावशींना तुम्ही स्वतः सांगा. सगळ्यांसमोर." दादांनी सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि पदराने हात पुसत पुन्हा साच्याकडे वळल्या. त्यांची नोकरी राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या दादांशी कामापुरतंच बोलत.

मित्रांनो, आता मी बाईंच्या कपाटात असते. पट्टी दिसल्यावर तुमचं बोट थांबलं, तर त्याला थांबू द्या. ज्याच्या नावाने फाईल आली, त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. आणि कुणी तुम्हालाच विचारायला आलं, तर हातातलं काम ठेवून ऐका. माझ्यासारखी चिठ्ठी कुठेही चिकटवू नका.

कार्यशाळेतून अजून हाक ऐकू येते, "दादा, जरा बघता का?" आणि दादा माखलेल्या हातांनी तसेच उठून येतात. पण शाळेच्या पहिल्या दिवशी ती मुलगी कुबड्यांवरच गेली.