शांत खेळाची शांती

अमरेश सर कॉलेजात मराठी शिकवत, त्यामुळे थोडक्यात बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. रुक्मिणआत्याला मात्र त्यांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, आणि तेच महागात पडलं.

"रविवारी आपल्या तनुजासाठी टॉकीजमध्ये शांत खेळ ठेवलाय."

जळकोटला आत्यानं ऐकलं ते एवढंच, की तनुजासाठी शांती ठेवलीय. सरांच्या या पोरीला स्वमग्नता आहे हे कळल्यापासून आत्यानं ग्रहशांतीचा घोशा लावला होता आणि सर तिला विज्ञान समजावत होते. आता भाच्याला अक्कल आली, या आनंदात तिनं जीपभर माणसं गोळा केली.

सरांना हवं होतं ते वेगळंच. मागं नांदेडला साडूंबरोबर पिक्चरला गेले, तेव्हा अंधार आणि दणदणाट यांनी तनुजा किंचाळली. मागून कुणीतरी "पोरगी आवरा की!" म्हणालं. तेव्हापासून थिएटरचं दार दिसलं की ती उलटी फिरायची. म्हणून सरांनी लातुरातल्या एका टॉकीजवाल्याला गळ घातली. दिवे अर्धे चालू, आवाज कमी. पोरांनी हिंडावं, ओरडावं, बाहेर जाऊन परत यावं. कुणी कुणाला गप बस म्हणायचं नाही. ही सूचना सरांनी स्वतः लिहून दारावर चिकटवली होती. भाषा ओघवती होती.

रविवारी तनुजा आईचा पदर धरून दाराशी आली. एक पाय आत, एक बाहेर. तेवढ्यात जीप थांबली आणि नारळ, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आत्या उतरली.

"भटजी कुठंय रं?"

"आत्या, शांती नाही. सिनेमा आहे, सिनेमा!"

"शांतीत सिनेमा? लातूर लई पुढं गेलं, बाबा."

"हळू बोल. आवाजाचा पोरांना त्रास होतो!"

"मी कुठं ओरडायले? तूच ओरडायलास."

निरीक्षण अचूक होतं. जीपभर माणसं आत गेली, तशी त्यांच्या घोळक्यात तनुजाही गेली. कुणी खुर्चीवर बसलं, कुणी खाली. कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. पडद्यावर हत्तीचं पिल्लू आलं. एक पोरगं पडद्यापर्यंत धावत गेलं.

"शू!" सर म्हणाले.

"हत्ती कुणाचा हाय?" आत्यानं विचारलं.

"शू!"

"आता हत्तीबद्दल बी बोलायचं न्हाई का?"

"शूऽऽ!"

तनुजानं कानांवर हात ठेवले. सरांनी विजयी मुद्रेनं बायकोकडं, आरतीकडं पाहिलं, की बघ, मी म्हणतच होतो. आरती जवळ आली.

"अहो, तिला त्यांचा त्रास न्हाई. तुमच्या शू-शूचा हाय."

"मी तिच्यासाठीच तर..."

"हाव. बाहेर जाऊन करा तिच्यासाठी."

अशा रीतीनं शांत खेळातून बाहेर काढलेला एकमेव माणूस म्हणजे त्याचा संयोजक. सर तनुजाच्या चपला आणि पाण्याची बाटली घेऊन दाराबाहेर उभे राहिले. वेळ जावा म्हणून स्वतःचीच सूचना वाचली. तीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली.

मग आतून किंकाळी आली. तनुजाचीच. घाबरून की आनंदानं? या विषयावर सरांनी ठिकठिकाणी व्याख्यानं दिली होती, आणि आता त्यांना काही म्हणता काही कळेना. तिला जवळ घेऊन काय म्हणायचं ते त्यांनी ठरवून टाकलं. पहिल्याच वेळी फार अपेक्षा ठेवू नये, वगैरे. त्यावर एक लेखही होईल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

दार उघडलं. तनुजाच.

"घरी जायचं, बेटा?" त्यांनी चपला पुढं केल्या.

तिनं चपलांकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडंही नाही. हातातली बाटली ओढून घेतली, घटाघटा पाणी प्यायली, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला तोंड पुसलं आणि आत पळाली.

दार उघडंच राहिलं. सरांचा एक पाय आत जायला उचलला गेला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि दार हळूच लोटून घेतलं, बाहेरून.