एक ‘साठी’

“बाबा, तुमची दुरुस्ती परत उडवली,” सून म्हणाली. “तिसऱ्यांदा. लिहिलंय, छापील संदर्भ द्या.”

रड तीच होती. ऑनलाइन विश्वकोशात एका दिवंगत संगीतकारावर लेख होता. त्यांची सर्वांत गाजलेली चाल त्यांनी पत्नीसाठी बांधली, असं त्यात म्हटलं होतं. त्याला दिलेला छापील संदर्भ आमच्याच दैनिकाचा, बेचाळीस वर्षांपूर्वीचा. त्या अंकाचा मुद्रितशोधक मी.

बातमीदाराने लिहिलं होतं, ‘ही चाल त्यांच्या पत्नीची.’ मला वाटलं, घाईत चुकला असेल. चाल बाईची कशी असेल? कुणाला न विचारता मी ‘ची’ खोडून ‘साठी’ केलं. पुढे तो माझ्यावर डाफरला, पण दुरुस्ती छापली गेली नाही. मीही तोंड उघडलं नाही.

“साठी बुद्धी नाठी म्हणतात,” मी म्हणालो. “माझी तिशीच्या आतच नाठी झाली होती.”

“मग तिथे तसं सांगा ना!”

“सांगितलं. स्वतःची आठवण हा पुरावा नाही म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.”

दुसऱ्या दिवशी मी दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादक माझ्या मुलाहून लहान.

“आजोबा, बेचाळीस वर्षांनी शुद्धिपत्र? लोक हसतील हो!”

मी सोबत आणलेल्या माझ्या जुन्या शब्दकोशातून, इतकी वर्षं जपलेला बातमीदाराचा हस्तलिखित कागद काढून टेबलावर ठेवला. ‘ची’वर माझीच लाल रेघ होती.

“तुमचं नाव घालावं लागेल. नाचक्की होईल.”

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका गुपचूप निस्तरल्या. चारचौघांत आवाज चढवायची सवय नाही. तरी आवाज चढला.

“घाला. चूक छापलीत ना? मग दुरुस्तीही छापा. आणि प्रूफ मी तपासणार. तोवर या खुर्चीवरून उठत नाही.”

तो हसला. मी उठलो नाही. संध्याकाळी प्रूफ समोर आलं.

शुद्धिपत्र छापून आलं. त्याचा संदर्भ देऊन केलेली चौथी दुरुस्ती टिकली. अंक घेऊन मी संगीतकारांच्या पत्नीकडे गेलो. ऐंशी उलटली तरी त्या अजून पेटी शिकवतात. त्यांनी भिंग धरून शुद्धिपत्र दोनदा वाचलं.

“म्हणजे ते तुम्ही होय!”

“हो. चुकलो.”

“माझी मुलंसुद्धा म्हणायची, आई, बाबांनी तुझ्यासाठी केवढी गोड चाल बांधली! किती वेळा सांगणार? शेवटी सोडून दिलं.”

त्या उठल्या आणि पेटीच्या झाकणाखालून एक पिवळं कात्रण काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. ‘साठी’वर इतकी जोरात काट मारली होती की कागद फाटला होता. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ची’.

प्रूफाच्या रीतीप्रमाणे समासात खूण करायची राहिली होती. मी कात्रण तसंच त्यांच्या हाती दिलं.