फोटोतला चांद्या

मित्रांनो, मी एक म्हातारी उस्मानाबादी शेळी आहे. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, तरी आमच्या जातीला माणसं अजून जुन्याच नावानं ओळखतात. वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवर, द्वारकाबाईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला आणि तिथंच माझं वय झालं. मला बरीच करडं झाली. बहुतेक बाजारात गेली. शेळीचं आयुष्य असंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका लेकराचं काय झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

त्याचं नाव चांद्या. अंग काळंभोर आणि कानांवर पांढरे ठिपके. तो इतका देखणा निघाला की द्वारकाबाईंनी त्याला विकलं नाही, पैदाशीसाठी ठेवलं. आसपासच्या बायका आपल्या शेळ्या घेऊन त्याच्याकडं येऊ लागल्या. द्वारकाबाई भाकरी खायला बसल्या की पहिला तुकडा त्याला देत.

द्वारकाबाई शेळ्यांना लस टोचायला शिकल्या होत्या. बर्फाचा डबा खांद्याला अडकवून त्या वस्त्या-वस्त्यांवर पायी हिंडत. पुरुष त्यांना हसायचे. त्यांचे मालक बलभीम तर, डॉक्टरीणबाई आल्या, असं चारचौघांत म्हणायचे. मग एका पावसाळ्यात रोग आला. बाकीच्या गावांत शेळ्या पटापट मेल्या, द्वारकाबाईंनी लस टोचलेल्या वस्त्यांवर मात्र जगल्या. तरी त्यांना बरं म्हणायला कुणी आलं नाही.

आला तो एक वार्ताहर. धाराशिवहून जुन्या मोटारसायकलवर आला. दिवसभर द्वारकाबाईंच्या मागं चिखलातून फिरला, बायकांशी बोलला. संध्याकाळी गोठ्यात येऊन त्यानं द्वारकाबाईंचा आणि चांद्याचा फोटो काढला. वाकला तेव्हा त्याच्या गळ्यातली चांदीची डबी सदऱ्याबाहेर आली आणि चांद्यानं ती चाटली. तो हसला, त्यानं चांद्याच्या कानामागं खाजवलं. जाताना बलभीमना फोन नंबर देऊन गेला. बलभीमनी तो 'पेपरवाले साहेब' म्हणून मोबाईलमध्ये घातला. नाव कुणी विचारलं नाही. बातमी छापून आली तेव्हा तिच्यावरही फक्त 'वार्ताहराकडून' एवढंच होतं.

त्या बातमीनं घराचे दिवस बदलले. गावोगावची माणसं द्वारकाबाईंना बोलावू लागली. धाराशिवला मोठ्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. हसणारे बलभीम पहिल्या रांगेत जाऊन बसले. या सगळ्यात त्या वार्ताहराला एक फोन करावा, असं कुणाला सुचलं नाही.

पुढं उन्हाळा आला आणि द्वारकाबाईंच्या मनात आलं की ज्यानं आपलं नाव केलं, त्याच्यासाठी काहीतरी करावं. बलभीम म्हणाले की शाल आणि नारळ देऊ. द्वारकाबाईंना ते पटलं नाही. शाल तर सगळेच देतात, असं त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं हाय, तेच त्यांच्या ताटात पडलं पायजे."

"अगं, पैदाशीचा हाय त्यो," बलभीम म्हणाले.

"म्हणूनच."

रविवारी जेवायला या म्हणून बलभीमनी फोन केला. जेवणाचं काही करू नका, चहा घेऊ, असं तो वार्ताहर म्हणाला. सगळ्यांना वाटलं, मोठी माणसं असंच म्हणतात.

रविवारी सकाळी खाटीक आला. द्वारकाबाईंनी चांद्याला पाणी पाजलं, कपाळावर कुंकू लावलं आणि पदरानं डोळे पुसले. दावं मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं. चांद्या त्यांच्या मागं चालत गेला. भाकरी मिळेल असं त्याला वाटलं असावं. मी ओरडत राहिले. बलभीमनी माझ्यापुढं कडबा टाकला.

दुपारी वार्ताहर आला. चांद्याचा आणि द्वारकाबाईंचा फोटो मोठा करून, काचेत बसवून त्यानं आणला होता. सरळ गोठ्यात आला. पेपरच्या पुरवणीसाठी त्याला चांद्याचे आणखी फोटो हवे होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या दाव्याकडं पाहिलं. चांद्या चरायला गेलाय का, असं त्यानं विचारलं. आधी जेवून घ्या, एवढंच द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

गावातली चार मानाची माणसंही पंगतीला होती. ओसरी गोठ्यासमोरच आहे, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. द्वारकाबाईंनी पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवलं, काठोकाठ भरलेलं. तो ताटाकडं बघत राहिला. त्याची ओळख करून द्यावी म्हणून बलभीमनी पहिल्यांदाच विचारलं, "साहेब, तुमचं नाव काय म्हणलात?"

"मल्लेश," तो म्हणाला. मग हळूच त्यानं गळ्यातली डबी सदऱ्याबाहेर काढली. "आम्ही लिंगायत, मावशी. ह्या डबीत इष्टलिंग हाय. आमच्यात हे चालत न्हाय."

पिठलं टाकते, असं म्हणत द्वारकाबाई घाईनं उठल्या. त्यानं त्यांना थांबवलं.

"हा चांद्याच का?"

"तुमच्यासाठीच," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांना अजून वाटत होतं की हे ऐकून त्याला बरं वाटेल.

तो उठला. काहीच खाल्लं नव्हतं, तरी त्यानं रांजणाजवळ जाऊन हात धुतले. "मावशी, बातमी आली तवा 'वाचली' म्हणून नुसता एक फोन केला असता, तर मला लई झालं असतं," तो म्हणाला. "आम्हाला फोन येतात ते शिव्या द्यायलाच." मग काचेतला फोटो ओसरीच्या कोनाड्यात ठेवून तो निघून गेला.

मित्रांनो, त्याचं ताट वाया गेलं नाही. मानाच्या माणसांनी ते वाटून घेतलं. मटण लोण्यासारखं शिजलंय, असं म्हणत त्यांनी हाडं चोखली. संध्याकाळी कुंपणावर कातडं वाळत घातलं. कानांवरचे ठिपके मला बांधल्या जागेवरून दिसत होते.

पेपरवाला माजलाय, घरचं अन्न नाकारून गेला, असं बलभीम गावभर सांगत सुटले. ते मल्लेशच्याही कानावर गेलं असणार. तो पुन्हा या वस्तीवर आला नाही. कधी एखादी बाई लांबून शेळी घेऊन येते, चांद्या नाही म्हटल्यावर उन्हातून परत जाते. द्वारकाबाई माझी धार काढताना एकदा म्हणाल्या, "मला त्यांचं चांगलंच करायचं होतं गं." मी दूध दिलं. शेळीला दुसरं काय करता येतं?

मित्रांनो, तुमच्या कामाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या, तर आधी त्याचं नाव विचारा. वाचलं, बरं वाटलं, असं त्याला सांगा. काही द्यायचंच असेल, तर त्याला काय चालतं ते विचारून द्या. आणि आपलं मन मोठं आहे हे दाखवण्यासाठी दुसऱ्याचं लेकरू उचलू नका.

मी पुन्हा गाभण आहे. या वयात हे शेवटचंच. पोटात ते हलतं, तेव्हा माझं एकच मागणं असतं. ते कुरूप निघावं. कुणाला त्याचा फोटो काढावासा वाटू नये.