उरलेल्या गोळ्यांचा डबा

माझ्या ताईच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात. त्यात असतात उरलेल्या गोळ्या. कुणाचा घसा बसला, डॉक्टरांनी कोर्स लिहून दिला, ताप उतरला, की उरलेलं पाकीट डब्यात. "बरं वाटल्यावर औषध खायचं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा पानावर बसायचं," हे ताईचं तत्त्वज्ञान. थेंबे थेंबे तळे साचे, तसा डबा भरत गेला. भाचरं, चुलतभाऊ, शेजारची वहिनी, ज्याला कणकण येईल तो ताईच्या दारात. "ताई, आता काय घेऊ?" आणि ताई रंगावरून गोळी काढणार. लाल-पिवळी घशाची, पांढरी लांबट पोटाची. एक सकाळी, एक संध्याकाळी, बस्स. ताईचं उत्तर कधी अडलं नाही.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू तपासते. या विषयावर तोंड उघडायचा हक्क घरात कुणाला असेल तर तो मला. पण थोरलीपुढे धाकटीचं ज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"ताई, झुरळांवर अर्धवट फवारा मारलास तर काय होतं? लेचीपेची मरतात. निगरगट्ट असतात ती उरतात, आणि पुढची सगळी पिल्लावळ त्यांचीच. जंतूंचं तेच आहे. वर ते औषध फोडायची युक्ती एकमेकांना शिकवतात."

"मग दुसरा फवारा आणायचा. त्यात काय एवढं?"

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहायचं, पाणी प्यायचं नाही, लघवी दाबून धरायची. जळजळ सुरू झाली की डब्यातल्या गोळ्या, थांबली की विसरायचं. "माझी बायको फुकटची डॉक्टरीण," असं सगळ्यांना सांगायचे. हसायला मला कधी आलं नाही.

या वेळी मात्र त्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, कपाट धरून उभे असतानाच खाली बसले. हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा जंतू रक्तात उतरले होते. त्यांचा नमुना माझ्याच टेबलावर आला.

आमचं काम सोपं असतं. गोल प्लेटमध्ये जंतूंचं अन्न थिजवलेलं असतं, त्यावर रोग्याचे जंतू सारवायचे. मग वर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. रात्रभर उबेत ठेवलं की सकाळी कळतं. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. चालत नसेल तर जंतू थेट टिकलीला येऊन भिडतात.

सकाळी प्लेट उजेडात धरली. टिकलीमागून टिकली, जंतू कडेपर्यंत आलेले. डब्यातली लाल-पिवळी गेली. पांढरी लांबट गेली. डब्यात कधीच न आलेली, फक्त सलाईनमधून देतात ती औषधंसुद्धा गेली. एकाच टिकलीभोवती गोल होता. मी प्लेट जवळ आणली. त्या गोलाच्या आत मोहरीहून बारीक ठिपके होते.

"गोलात ठिपके आहेत. थोडे जंतू यालाही पुरून उरलेत," मी डॉक्टरांना सांगितलं.

"माहीत आहे. पण दुसरं आहे काय? हेच सुरू करू."

आणि ताप उतरला! भावोजी उशीला टेकून बसले, नर्सला म्हणाले, "तुमची लिफ्ट फार कुरकुरते, बरा झालो की बघतो." ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने मला कोपऱ्यात ओढलं.

"आता ते इंजेक्शन बंद करायला सांग ना. उतरलाय ताप. अंगात उष्णता होते गं."

मी वॉर्डात ओरडले. थोरल्या बहिणीवर, लोकांसमोर. ती रडली, मला वाईट वाटलं नाही. औषध थांबू दिलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते ठिपके हलत नव्हते. त्यांना आता अख्खा गोल मोकळा होता.

भावोजींना पुन्हा हुडहुडी भरली. पुन्हा रक्त, पुन्हा प्लेट, पुन्हा टिकल्या. सकाळी मी झाकणावरूनच पाहिलं. गोल भरला होता.

डॉक्टरांचा फोन आला. "एखादं तरी?"

"एकही नाही," मी म्हटलं.

फोन ठेवला तर दारात ताई. पदर खांद्यावरून घसरलेला, छातीशी तो डबा. आजवर तिने तो कुणाच्या हातात दिला नव्हता. तिने माझ्या टेबलावर तो सरळ पालथा केला. अर्धी, पाव, कातरलेली पाकिटं, सुट्या गोळ्या घरंगळत प्लेटपर्यंत आल्या.

"सगळं घे. इतक्यांना गुण आला याने. यातलं एक तरी लागू पडेल की नाही?"

मी एकेक पाकीट उचललं. प्रत्येकाची टिकली मला समोर दिसत होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण नुसती भीती वाटली, भावोजींसाठी, आणि या डब्यातून गोळ्या नेलेल्या प्रत्येकासाठी. मी पाकिटं परत ठेवत गेले. ताई माझ्या हाताकडे बघत होती.

शेवटी तिने माझा हात धरला. अख्खं घर जन्मभर जे तिला विचारत आलं, तेच तिने मला विचारलं.

"मग आता काय देऊ गं त्यांना?"