दोन महिन्यांचा मास्तर

लेकाच्या केसांना कलप मीच लावला. त्रेपन्नाव्या वर्षी तो मुलाखतीला निघाला होता, आणि सुनेचं म्हणणं, पांढरं डोकं दिसलं की दारातूनच परत पाठवतील. सारा जन्म छापखान्यात शाई कालवून रंग जुळवण्यात गेला, तो छापखाना बंद पडला, आणि आता लेक मोरीतल्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

"आई, कानाला लागलं."

"लागू दे. कान तरी तरुण दिसेल."

आमच्या वेळी तरुण दिसणं हाच गुन्हा होता. बिस्किटांच्या कारखान्यात मी लागले तेव्हा मुकादमीण म्हणाली, "पोरी, आधी वर्षभर माझ्या मागं उभी राहा आणि बघ." तिचं डोकं कापसासारखं होतं. ती समोर आली की मालक सिगारेट विझवायचा.

मुलाखतीला त्याला गाडीवरून सोडायला नातू गेला. चोवीस वर्षांचा घोडा. तीन नोकऱ्या सोडून बसलेला. एकीत म्हणे वाव नव्हता, दुसरीत साहेब नीट बोलत नव्हता, तिसरीत खुर्ची टोचत होती.

नव्या छापखान्यातला साहेब नातवाहून जरासा मोठा. त्यानं लेकाला विचारलं, "दहा वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"घरी," लेक म्हणाला. "निवृत्त होऊन."

एवढ्या मेहनतीनं लावलेल्या कलपावर एका वाक्यात पाणी फिरवलंन.

बाहेर नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. साहेबाला वाटलं, हाही मुलाखतीलाच आलाय. बोलावलं आणि घेऊनही टाकलं. रंगांतलं काही येत नाही म्हटल्यावर साहेब म्हणाला, "ते शिकवू. चेहरा उत्साही आहे." उत्साही! स्वतःचं ताट उचलत नाही मेला.

आणि शिकवणार कोण? दोन दिवसांनी लेकालाच फोन. दोन महिने या, मुलाला तयार करा, मग तुमची गरज नाही.

"मी नाही जात," नातू म्हणाला. "बाबांची जागा घेऊ?"

"जाऊ आपण," लेक म्हणाला. "तुझं तरी मार्गी लागेल."

म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःला घरी बसवायचं, वर आभार मानायचे. माझं टाळकंच सरकलं. लेक कपडे बदलायला आत गेला तशी मी नातवाला जवळ ओढलं.

"हे बघ, मोठेपणा नको. गुपचूप जा. पण दोन महिन्यांत शिकलास तर माझ्याशी गाठ आहे. तू शिकेपर्यंतच तुझ्या बापाचा पगार. आजवर जसा लोळलास ना, तसाच तिथं लोळ."

"आजी, हे जमेल मला."

आता आठवा महिना चालू आहे. साहेब दर वेळी कपाळाला हात लावतो आणि लेकाची मुदत वाढवतो. उत्साही चेहरा आपणच निवडला, आता घालवतो कसा? नातवाला निळा जमतो, हिरवा जमतो, तपकिरी म्हटलं की चिखल होतो. मी मनातून खूश. म्हटलं, पोरगं निदान एका कामात तरी टिकून आहे.

परवा जेवताना लेक हळूच म्हणाला, "आई, तू त्याला काय सांगितलंस ते मला ठाऊक आहे. त्या सांगण्याची आता गरज नाही. त्याला खरंच जमत नाहीये."