सरांचं नाक आणि माझा संशय

मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्हीही माझ्यावर ठेवू नका, आधी ऐका. मी चिकलठाण्याच्या एका मद्याच्या कारखान्यातला चाखायचा पेला आहे. पोट गोल, तोंड अरुंद, म्हणजे आतला वास पळून जाऊ नये. माझ्यात ओततात ते तुमच्या कामाचं नाही. खरं सांगू, इथंही ते कुणी पीत नाही. हुंगतात, जिभेवर घोळवतात आणि बादलीत थुंकतात.

दालचिनी, लवंग, जायफळ, दगडफूल घातलेली रम आमच्याकडे लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. ती बाटलीत भरायची की नाही, हे श्रीरंग सर ठरवायचे. कामाच्या दिवशी ते कांदा खात नसत, अत्तर लावत नसत. मला नाकाशी धरून श्वास रोखायचे आणि म्हणायचे, "जायफळ फार पुढं पळतंय. अजून एक उन्हाळा राहू द्या." त्यावर कुणी ब्र काढत नसे. तेव्हा माझाही केवढा रुबाब होता! सर मला स्वतःच्या हातानं धुवायचे.

गेल्या पावसाळ्यात सर तापानं पडले. परत आले, ते गप्प गप्पच. त्यांच्या हाताखाली पाचोडची सुकेशनी आहे. आता तीच आधी बोलू लागली. "सर, आज लवंग जरा जास्त वाटतीय ना?" असं ती म्हणाली, की सर म्हणायचे, "हं, लवंग जास्त आहे." माझ्या मनात पाल चुकचुकली. पूर्वी सरांच्या आधी बोलायची कुणाची छाती होती? ही पोरगी आज त्यांच्या तोंडी शब्द घालतीय, उद्या त्यांची खुर्ची घेणार, असं मी पक्कं धरून चाललो. मला तिचा रागच यायचा.

मग चंपाषष्ठी आली. रिकामी पिंपं भरण्याआधी त्यांत दिवसभर पाणी ठेवतात, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतात. पिंपं सांभाळणाऱ्या खंडेरावनं पाणी भरलं आणि तो इथल्याच सातारा गावच्या खंडोबाच्या जत्रेला गेला. सहा दिवसांनी, षष्ठी उरकूनच परतला. तोवर पाणी आत कुजलं होतं. त्यानं ते गुपचूप ओतून दिलं आणि पिंपांत दुसरीकडची मुरून तयार झालेली रम भरली.

परवा ती रम तपासायला काढली, तेव्हा सुकेशनी रजेवर होती. सरांनी मला हुंगलं आणि म्हणाले, "उत्तम." दुसऱ्या दिवशी सुकेशनी आली, तिनं मला नाकाशी नेलं आणि तिचा चेहराच उतरला.

"सर, ओल्या पोत्यासारखा वास येतोय."

मालक वैजनाथराव तिथंच होते. ते भडकले. "काल सर उत्तम म्हणाले. मग खोटं कोण बोलतंय? सर, परत हुंगा. ही चुकली असेल तर उद्यापासून हिनं यायचं नाही."

सरांनी मला उचललं. त्यांचा श्वास माझ्यात नुसता आत-बाहेर होत राहिला, कुठं अडलाच नाही. 'उत्तम' एवढं म्हटलं असतं तर त्यांचं नाव राहिलं असतं आणि पोरीची नोकरी गेली असती. मला वाटलं, म्हणणार हे.

त्यांनी मला खाली ठेवलं. "वैजनाथराव, मला वासच येत नाही. तापातनं उठल्यापासून काही म्हणजे काही नाही. ही आधी सांगायची, म्हणून मी निभावून नेलं. ती म्हणते ते खरं असणार."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"लाज वाटली."

सुकेशनी रडायलाच लागली. मग दाराशी उभा असलेला खंडेराव हळूच म्हणाला, "मालक, पिंपात पाणी लई दिस ऱ्हायलं व्हतं. मी जत्रंला गेल्तो." बाटल्या भरायचं काम तिथंच थांबलं.

संध्याकाळी सरांनी एका चांगल्या पिंपातली रम माझ्यात ओतवली आणि मला सुकेशनीच्या हातात दिलं. "यात काय काय येतंय ते सांग मला. घाई करू नको." ती सांगत राहिली, सर ऐकत राहिले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटलो तर दुसरा पेला येईल. पण घरातलं एखादं मोठं माणूस अचानक गप्प झालं, तर जरूर संशय घ्या आणि जवळ बसून विचारा. मी इतके महिने नुसता संशयच घेत राहिलो, कारण मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.