नारिंगी जाकीट आणि सावडीचा दिवस

मी एक जुनं नारिंगी जाकीट आहे. मला बाह्या नाहीत, कॉलर नाही. पुढून दोन आणि मागून दोन चंदेरी पट्ट्या आहेत, त्यांतली एक उसवून लोंबते आहे. नाशिकच्या कोर्टात जिन्याखाली एक चिंचोळी खोली आहे, तिथल्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. मित्रांनो, वकिलांच्या काळ्या कोटाला जो मान आहे तो मला कुणी देत नाही. न देवो. काळा कोट घालून कुणी गोदावरीचा घाट झाडलेला मी तरी अजून पाहिला नाही.

माझा जन्म सिडकोतल्या एका घरात झाला. मोहिनीताई नावाच्या बाई शिलाई मशीनवर आम्हाला शिवायच्या. माप एकच, ते म्हणजे मोठं. "कुणाच्याही अंगात गेलं पाहिजे," अशी ठेकेदाराची ताकीद होती. या एका गुणावर माझं आयुष्य निघालं आणि याच गुणानं पुढे तीन माणसांची झोप उडवली. ते सांगायलाच तर बसलो आहे.

आधी काही वर्षं मी रस्त्याच्या कामावर होतो. डांबर, धूळ आणि ऊन, दुसरं काही नाही. एकदा माझ्या पट्ट्या लकाकल्या म्हणून एका ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला. तेव्हा मुकादमानं पाठ थोपटली. आत माणूस होता हे खरं, पण थाप मला लागली आणि मी ती माझीच समजतो. मग रस्ता झाला, काम संपलं, आणि आम्हाला गोदामात फेकलं ते फेकलंच. उंदरांनी माझा एक खिसा खाल्ला. तक्रार करत नाही, उंदरांनाही पोट आहे.

तिथून आम्हाला उचललं पल्लवी मॅडमनी. आठ जाकिटं त्या ठेकेदाराकडून मागून घेऊन गेल्या आणि आधी घरी नेऊन साबणात भिजवली. मला कुणी गरम पाण्यात भिजवण्याची ती पहिलीच वेळ. "यावर 'समाजसेवा' असं छापून घ्या ना," असं शिपाई राजूभाऊंनी सुचवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "नको. ज्याला शिक्षा झाली त्याला ती ठाऊक आहे. गावाला कशाला वाचायला द्यायची?" म्हणून माझी पाठ कोरी आहे.

मॅडमचं काम काय, ते सांगतो. छोट्या गुन्ह्यात कोर्ट कधी कधी तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देतं. कुणाला बाग, कुणाला घाट, कुणाला दवाखान्याचं आवार. कुणाला कुठे पाठवायचं, तो खरंच जातो का, काम करतो का, हे मॅडमनी बघायचं आणि कोर्टाला कळवायचं. कुणी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटलेला असतो, त्याचीही विचारपूस त्यांच्याकडेच. दिवसभर त्या फोनवर असतात, नाहीतर स्कूटीवर. सकाळी माणूस येतो, जाकीट नेतो, संध्याकाळी परत आणतो. कुणी मला घडी घालून देतो, कुणी बोळा करून. माणूस कसा आहे हे मला तेवढ्यावरून कळतं. अर्थात, कळून मी काय करणार?

यंदाच्या आषाढात झिपरू आला. पेठच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथला भातशेतकरी. द्राक्षाच्या हंगामात मजुरीला नाशिकला यायचा. घरी परतायच्या दिवशी जास्त प्यायला आणि बसस्टँडवर पेठच्या गाडीपुढे आडवा झाला. गाडी सुटू नये म्हणून! आतले प्रवासी ओरडतायत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हा डांबरावर हात उशाला घेऊन पडलेला. कोर्टात त्यानं सगळं कबूल केलं. शिक्षा झाली आठ दिवस घाटावरचं निर्माल्य गोळा करण्याची. नीट पाळली नाही तर तुरुंग.

"दिवस भरायचे, बरं का," मॅडमनी बजावलं.

"भरतो ना मॅडम. एक दिस बी खाडा नाय व्हायचा."

पाडा लांब. पहिली एसटी धरून कोर्टात यायचं आणि मग घाटावर जायचं म्हटलं की काम उशिरा सुरू व्हायचं. म्हणून मॅडमनी मला त्याच्या घरी न्यायची परवानगी दिली. नियमात तसं बसत नव्हतं, पण दिली. असा मी झिपरूच्या घरी कुडाच्या भिंतीवर पावसात पांघरायच्या इरल्याशेजारी लटकू लागलो. सावित्री, त्याची बायको, रोज माझा चिखल पुसायची. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत पाड्यावर आवणी चालली होती, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. तिथे हे काम सावडीनं चालतं. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात यायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. आणि घरातलं कुणीही आलं तरी तो दिवस त्या घराचा. नवरा येवो, बायको येवो, सून येवो, कुणी विचारत नाही.

झिपरूचं खाचर रविवारी लावून झालं होतं. शेजारच्या अक्काबाई एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखत असूनही त्या दिवसभर त्याच्या चिखलात वाकल्या होत्या. गुरुवारी पाळी त्यांच्या खाचराची आली. चिखलणीला बैल हाकायचे होते आणि ते काम झिपरूचं. तिकडे घाटावर त्याचा सहावा दिवस. मग नवरा-बायकोनं विचार केला. फार वेळ नाही, चहा उकळेपर्यंत. झिपरू बैल घेऊन अक्काबाईंकडे गेला, आणि सावित्रीनं मला लुगड्यावर चढवलं आणि एसटी धरली. मी तिच्याही अंगात बसलो. मोहिनीताईंनी मापच तसं धरलं होतं.

तिनं काम केलं, मित्रांनो! हारांचे गठ्ठे, नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं वेगळं करून पाट्या भरल्या. दुपारी घाटावरचा मुकादम ज्ञानेश यानं खुशीत मॅडमना फोन लावला. "मॅडम, आज बाई पाठवली तुम्ही? झकास काम करतेय! झिपरू सुट्टीवर का?"

मॅडम स्कूटीवरून आल्या त्या हेल्मेट न काढताच पायऱ्या उतरल्या.

"सावित्रीबाई, तुम्ही इथे कशा?"

"दिस भराया आले ना," सावित्री सरळ म्हणाली. "त्ये अक्काबाईकडं गेलं. सावड हाय."

मॅडम हेल्मेट काढून पायरीवर बसल्या. ज्ञानेशच्याही तेव्हा लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. झिपरूचीच हजेरी धरू. कोण बघतंय? कळवलंत तर तो आत जाईल, आणि जाकीट घरी कुणी दिलं हेही निघेल."

खरंच होतं ते. मॅडमनी भरलेल्या पाट्या मोजल्या. मग म्हणाल्या, "आज हे झाकलं, तर उद्या पैसेवाला आपला नोकर पाठवेल. तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात होतो, मॅडमच्या हातावर, घडी घातलेला. झिपरू जजसाहेबांपुढे उभा होता. मागे सावित्री पदराचं टोक चावत उभी.

"शिक्षा तुम्हाला झाली होती," जजसाहेब म्हणाले. "बायकोला का पाठवलंत?"

"साहेब, काम तर पुरं झालं ना?" झिपरूला खरंच कळत नव्हतं. "आमच्यात घरातलं एक मानूस गेलं म्हंजे झालं. मी काय घरी झोपून नवतो, साहेब. चिखलातच होतो."

जजसाहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सावड काय असते ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मी यांना 'दिवस भरा' म्हणाले होते, सर. 'तुम्ही स्वतः भरा' असं फोडून सांगितलं नाही. आणि जाकीट घरी न्यायला मीच परवानगी दिली. ती चूक माझी आहे."

माझ्या घडीवर त्यांच्या तळव्याचा घाम उतरला होता. मला भीती वगैरे वाटत नाही, पण ओल कळते.

जजसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी सांगितलं की तुरुंगात पाठवत नाही, पण गुरुवार धरला जाणार नाही. राहिलेले दिवस झिपरूनं सोमवारपासून स्वतः भरायचे. जाकीट यापुढे कोर्टाबाहेर मुक्कामाला जाणार नाही. मॅडमना समज देण्यात आली. झिपरूनं हात जोडले आणि त्याला रडू फुटलं.

सगळे वळले तोच मागून आवाज आला. "मग माजा दिस कुनाकडं गेला?"

सावित्री होती. भांडत नव्हती, नुसतं विचारत होती. "ह्यांच्यात धरला नाय. मग मी दिसभर वाकले, त्यो कुनाकडं?"

जजसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, त्या दिवसाला कायद्यात जागा नाही," ते म्हणाले. आवाज मऊ होता. पण उत्तर ते नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना समजलं.

सोमवारी सकाळी मॅडम खोलीत आल्या त्या कमरेवर हात ठेवून. नखांत काळा चिखल, चालणं एखाद्या आजीबाईसारखं. "काय झालं मॅडम?" राजूभाऊंनी विचारलं. तेवढ्यात झिपरू मला न्यायला आला आणि हसू दाबत दारातच उभा राहिला.

"काल रविवारी मॅडम आमच्या नागलीच्या, म्हंजे नाचनीच्या, आवणीला आल्या व्हत्या," त्यानं राजूभाऊंना सांगितलं. "दिसभर! पाड्यावरची मानसं बघाया गोळा झाली."

"आता गप बसा, झिपरू," मॅडम म्हणाल्या.

"नाय, सावित्रीनं निरोप दिलाय. तुमच्या वळी वाकड्या, रोपं आडवी. तिला मागनं समदी पुन्हा खोचाया लागली. म्हनून तिनं अर्धाच दिस धरलाय. अर्धा अजून तुमच्याकडं हाय."

मॅडम हसल्या. हसताना कंबर धरावी लागली. "मग तो कधी फेडू?"

"कापनीला या म्हनली. विळा तीच दील."

मला अंगात घालून झिपरू घाटावर गेला आणि त्यानं आपले दिवस भरले. शेवटच्या संध्याकाळी त्यानं मला घडी घालून दिलं.

मित्रांनो, आता माझी शिवण विरत चालली आहे. माझं मागणं थोडंच आहे. अधूनमधून धुवा, लोंबणारी पट्टी ओढू नका, टाका घाला. आणि रस्त्यावर कुणाच्या अंगात मी दिसलो, तर एकदा पुढून येऊन चेहरा बघा. मी कुणाच्याही अंगात बसतो, त्यामुळे माझ्यावरून आतलं माणूस ओळखू येत नाही. ज्ञानेशनं पाट्या पाहिल्या, जजसाहेबांनी गुरुवार पाहिला. सावित्री दिवसभर वाकली होती, ते परत करायला गेल्या एकट्या पल्लवी मॅडम.

भात आता पोटरीत आलं असेल, कापणी जवळ येत चालली. कालच मॅडमनी राजूभाऊंना विचारलं, "विळा डाव्या हातानं धरतात की उजव्या?"